बोट थांबत नाही

सोलापूरच्या चाटी गल्लीत ज्यांच्या कापडाच्या दुकानाला तिसरी पिढी लागली आहे, अशा एका घरातील आजोबांनी दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर एक यादी करावयास घेतली. जुन्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी तीन रकाने पाडले : गोवा, कोची, लक्षद्वीप. नाताळच्या सुटीत घरातील सहा जणांनी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने जावयाचे ठरले होते आणि बोट या तीन ठिकाणी थांबणार होती. गोव्याच्या रकान्यात सात स्थळे भरली, कोचीच्या रकान्यात नऊ. लक्षद्वीपच्या रकान्यात काय लिहावे हे न सुचल्यामुळे त्यांनी तेथे नुसते 'बेट' असे लिहिले.

सहा जणांत आजोबा, आजी, मुलगा, सूनबाई, सात वर्षांचा नातू आणि साडेतीन वर्षांची नात. यादीतील बरीचशी स्थळे आजोबांच्या पसंतीची होती. फिरावयाचे मात्र नात व नातवाच्या पायांनी होते. ही विसंगती प्रथम सूनबाईंच्या ध्यानात आली.

२०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'कॉर्डेलिया'च्या सफरी सुरू झाल्यापासून व्यापारी घरांतून क्रूझचा विषय वरचेवर निघतो. बोटीवर कांदा-लसूण-बटाट्याविना जेवण मिळण्याची सोय हे त्याचे मोठे कारण. एरवी कोठेही जावयाचे म्हटले की आधी खाखऱ्यांचे डबे, लसूण न घातलेली शेंगांची चटणी आणि कडक भाकरीची चळत बांधावी लागते. बोटीवर ती चिंता हलकी होते आणि म्हणूनच पुष्कळांचा असा समज होतो की या प्रवासात योजना करण्यासारखे काही उरलेच नाही. वास्तविक बोटीवर असेतो तसे असेलही. योजना लागते ती बोट बंदराला लागल्यावर आणि मुले लहान असली तर ती फार बारकाईने लागते.

सूनबाई दुकानाचे जीएसटीचे काम पाहतात. शेवटची तारीख ही विवरण भरण्याची तारीख नव्हे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यांनी आजोबांच्या यादीशेजारी दुसरा कागद ठेवला आणि वजाबाकी मांडली. बोट गोव्यात सकाळी नऊला लागणार आणि सायंकाळी साडेसहापर्यंत सर्वांनी परत यावयाचे; म्हणजे साडेनऊ तास. त्यातून उतरण्याच्या रांगेचा एक तास वजा. परतताना हाताशी ठेवावयाचा एक तास वजा. जेवणाचा एक, धाकटीच्या झोपेचा दीड आणि जाण्यायेण्याचे दोन. बाकी राहिले तीन तास. तीन तासांत सात स्थळे बसत नाहीत, हे गणित आजोबांनाही पटावयास हरकत नव्हती.

"अगं, उतरायला कशाला तास लागतो?" आजोबा म्हणाले. "आणि एवढे पैसे भरायचे ते झोपा काढायला का?"

"बाबा, झोप नाही झाली तर पुढचे तीन तासही आपले राहणार नाहीत," सूनबाई म्हणाल्या. हे त्यांनी हसत सांगितले, पण कागद मागे घेतला नाही.

पैसे वसूल होण्याची ही भावना व्यापारी रक्तातली आहे, तिला दोष देता येत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचा शेवटचा तुकडाही विकला जातो, मग भाडे भरून गाठलेल्या बंदरातील एखादे स्थळ पाहावयाचे का सोडावे? परंतु क्रूझच्या पत्रकात छापलेले गावाचे नाव आणि बोट प्रत्यक्ष जेथे टेकते ते ठिकाण, यांत पुष्कळ अंतर असते. पत्रकात 'रोम' असते, बोट लागते ती चिवितावेक्कियाला. तेथून रोम सुमारे ७० किलोमीटर. 'बँकॉक' म्हणून जी बोट थांबते ती शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या लाएम चाबांगला. उलट पेनांगला धक्का जॉर्जटाउन गावाला लागूनच आहे, उतरले की चालू लागावे. तेव्हा स्थळांची यादी करण्याआधी धक्का नेमका कोठे आहे आणि बोट धक्क्याला लागणार की खोल पाण्यात नांगर टाकणार, हे विचारून घ्यावयास हवे. आपल्याकडेही गोव्याची बोट पणजीला लागत नाही. ती लागते मुरगावला आणि तेथून पणजी तीसएक किलोमीटर आहे.

दुसरी एक बाब सूनबाईंनी लेखी विचारून घेतली होती. बोटीच्या कंपनीने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट साधारणतः तिच्यासाठी थांबते. स्वतः गाडी ठरवून गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावे लागते. कंपनीची सहल महाग पडते, शिवाय तीत चाळीस जणांच्या चालीने चालावे लागते आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला कोणत्या क्षणी कोठे थांबावेसे वाटेल हे चाळीस जणांना सांगता येत नाही. म्हणून मुले लहान असली तर आपली गाडी बरी, पण मग घड्याळही आपलेच सांभाळावे लागते.

ठरले ते असे : गोव्यात फक्त दोन गोष्टी. मुलासाठी दाबोळीजवळचे नौदलाचे विमान संग्रहालय, जेथे मोठमोठी जुनी विमाने उघड्यावर उभी आहेत. आणि मुलीसाठी तेथून जवळच बोगमाळोच्या किनाऱ्यावरची वाळू. आजोबांनी मान हलविली. यादी मात्र त्यांनी खिशात ठेवली.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मंडळी सकाळी मुंबईस उतरली. बॅलार्ड पियरला बोटीची उंची पाहून नातवाने मान मागे टाकली आणि आजोबांना स्फुरण चढले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली आणि त्यांची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी याच मुंबईहून लंडनला निघाली. पहिल्या महायुद्धात रुग्णांची बोट म्हणून वापरलेली ती बोट ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतली होती. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीत एका कापूस-कापडाच्या गावातील माणसाने समुद्रात उडी घ्यावी, याचे आजोबांना कोण कौतुक! ५ एप्रिल हा दिवस देशभर सागरी दिन म्हणून पाळला जातो, हेही त्यांनी सांगितले.

नातवाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्यांनी आपल्या सोलापूरला बंदर का नाही बांधलं?"

आजोबा क्षणभर अडखळले. आजी म्हणाल्या, "सिद्धेश्वर तळ्यात मावली नसती बोट."

गोव्यातील दिवस सूनबाईंच्या कागदाप्रमाणे सुरू झाला आणि आजोबांच्या कागदाप्रमाणे संपला. उतरण्यास सव्वा तास लागला. गाडी ठरविताना आजोबा पुढे चालकाशेजारी बसले होते आणि संग्रहालय पाहून होताच त्यांनी हळूच यादी काढली. त्यांच्या मनात जे स्थळ होते ते वरवरचे नव्हते, हे सांगितले पाहिजे. फोंडा तालुक्यात बांदिवडे येथे नेमिनाथांच्या एका प्राचीन बसदीचे भग्न अवशेष आहेत. गोव्यात जैनांची वस्ती आणि मंदिरे होती याची खूण सांगणारे ते दगड एकदा डोळ्यांनी पाहावेत, अशी त्यांची पंधरा-वीस वर्षांची इच्छा होती. वाटेवर जुने गोवे होते, मंगेशी होते. "एवढे आलोच आहोत," या एका वाक्याने घरोघरच्या किती सहली बिघडल्या असतील, त्याची गणती नाही.

मुलाने आईकडे पाहिले, सूनबाईंनी नवऱ्याकडे. वडीलधाऱ्यांना चालकासमोर नाही म्हणणे त्या घरात बसत नाही. गाडी निघाली. धाकटीची झोप मंगेशीच्या आवारात मोडली, दुपारचे जेवण जुन्या गोव्याजवळ झाडाखाली उभ्याने उरकले आणि फोंड्याच्या वळणांवर मुलीला उलट्या सुरू झाल्या. बांदिवड्याला पोहोचले तेव्हा ती सूनबाईंच्या मांडीवर पांढरीफटक पडली होती. आजोबा एकटेच खाली उतरले. ज्या भिंतींसाठी इतकी वर्षे वाट पाहिली, तेथे ते चार मिनिटे उभे राहिले. मागे गाडीत नात रडत होती, तिचा आवाज तेथवर येत होता. त्यांनी काय पाहिले ते त्यांनाच ठाऊक. घरी आल्यावर त्याविषयी ते फारसे बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर बोरीच्या पुलाशी वाहनांची रांग लागली. ज्यांनी कधी बंदराकडे धाव घेतली आहे त्यांना ही अर्धी-पाऊण घटका कशी असते ते समजेल. आजीची रक्तदाबाची गोळी केबिनमध्ये, मुलीचे कपडे केबिनमध्ये, सर्वांचे सामान केबिनमध्ये. बोट निघून गेली तर कोचीपर्यंत पुढचे सगळे रस्त्याने किंवा रेल्वेने. मुलगा दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होता. सहा वाजून वीस मिनिटांनी मंडळी धक्क्यावर पोहोचली. बोट चुकली नाही, हे खरे. परंतु पाण्यामागे सूर्य बुडून गेला होता आणि आजींचा चौविहार असल्यामुळे त्यांचे रात्रीचे जेवण त्या दिवसापुरते संपले होते. झाडाखाली उभ्याने खाल्लेली दीड पोळी एवढेच काय ते पोटात.

आजी काही बोलल्या नाहीत. केबिनमध्ये जाऊन त्यांनी नातीचे अंग ओल्या रुमालाने पुसले आणि तिला कुशीत घेऊन पडल्या. घरात कोणी आवाज चढविला असता तर बरे झाले असते, असे त्या रात्री आजोबांना वाटले असावे.

मधला एक दिवस चोहीकडे नुसते पाणी होते. नात सावरली, दहीभात जेवली, दुपारी तीन तास झोपली. आजोबा डेकवर खुर्ची टाकून बसले होते. सूनबाई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी खिशातून ती यादी काढली, कोचीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "यातले एक ठेव. कोणते ते तू सांग."

सूनबाईंना उत्तर शोधावे लागले नाही. कोचीला बोट विलिंग्डन बेटावर लागते. हे बेट मुळात नैसर्गिक नाही. गेल्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याच्या भरावावर ते उभे राहिले. तेथून मट्टांचेरी पाण्यापलीकडे आहे, रस्त्यानेही फार दूर नाही. मट्टांचेरीत गुजराती रोड नावाचा रस्ता आहे. मसाल्याच्या व्यापारासाठी कच्छ-सौराष्ट्रातून गेलेल्या घराण्यांची वस्ती तेथे झाली आणि त्यांनी १९०४ साली धर्मनाथांचे मंदिर बांधले. या मंदिराच्या आवारात रोज दुपारी बाराच्या सुमारास पारव्यांना दाणे टाकतात. एकाच ठिकाणी आजींना दर्शन, मुलांना पक्षी आणि वेळही ठरलेली. पोर्तुगीजांनी बांधलेला राजवाडा, १५६८ चे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, वास्को द गामाला प्रथम जेथे पुरले होते ते चर्च, चिनी जाळी... आजोबांच्या रकान्यातील बाकीची आठ स्थळे सूनबाईंनी स्वतः खोडली नाहीत. त्यांनी पेन आजोबांकडे दिले.

त्या दिवशी मंडळी सर्वांत शेवटी उतरली. पहिली झुंबड ओसरू दिली की रांगेचा तास वीस मिनिटांवर येतो, ही युक्ती एका दिवसाच्या अनुभवाने साधली होती. प्रत्येकाच्या खिशात ओळखपत्र आणि बोटीचे कार्ड. मुलांच्या खिशात आईबाबांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. आजींच्या पिशवीत उकळून गार केलेल्या पाण्याचा थर्मास, गोळ्या आणि चार खाखरे. गोळ्या केबिनमध्ये ठेवून उतरावयाचे नाही, हेही आता ठरून गेले होते.

साडेअकराला ते मंदिरापाशी पोहोचले. दर्शन झाले. पारवे आधीच छपरांवर ओळीने बसले होते, जणू त्यांनाही घड्याळ कळत होते. दाणे पडू लागताच सगळे आवार पंखांनी भरून गेले. नात प्रथम भ्याली आणि आजोबांच्या धोतरात तोंड लपवून उभी राहिली. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. आजोबा पायरीवर बसले, तिला पुढ्यात घेतले आणि तिच्या मुठीत दाणे दिले. तिने ते एक-एक करून टाकावयास सुरुवात केली. प्रत्येक दाण्यानंतर ती थांबे, कोणी उचलला ते पाही आणि मगच दुसरा टाके. अशा गतीने एक मूठ संपावयास किती वेळ लागतो? पाऊण तास लागला. कोणीही घड्याळ पाहिले नाही, कारण त्या पाऊण तासाची जागा कागदावर आधीच मोकळी ठेवलेली होती.

"आजोबा, हे पण चोविहार करतात?" नातवाने विचारले. अंधार पडल्यावर पाखरे काही खात नाहीत, हे आजोबांनी त्याला सांगितले तेव्हा आजी गालातल्या गालात हसल्या.

मुलगा मग म्हणाला, "बाबा, मिरीचा बाजार इथंच आहे. तुम्ही आणि हा जाऊन या. आम्ही इथं सावलीत बसतो." १९५७ साली मिरीच्या वायद्यांच्या व्यवहारासाठी व्यापाऱ्यांची जी संघटना स्थापन झाली ती मट्टांचेरीचीच. आजोबांना तेथील वखारींची उत्सुकता होती, पण ते आपण होऊन बोलले नव्हते. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेले पाहिजे, हा हट्ट सोडला की अशा सोयी निघतात. आजोबा-नातू अर्ध्या तासात परतले. नातवाला मिरीच्या वासाने सात शिंका आल्या होत्या, त्याने त्या मोजल्या होत्या. आजोबांच्या हातात सुंठेची पुडी होती. घरात ओले आले वर्ज्य, पण सुंठ चालते. आजींनी ती वास घेऊन पिशवीत टाकली आणि "सोलापूरपेक्षा बरी आहे," एवढी पावती दिली.

अडीचला मंडळी बोटीवर होती. नात झोपली. सायंकाळी सूर्य असतानाच सर्वांचे जेवण झाले आणि बोट सुटली तेव्हा सगळे डेकवर उभे होते. बंदराबाहेर जाणारी वाट फोर्ट कोचीला लगटून जाते. तेथे किनाऱ्यावर ओळीने उभी असलेली चिनी जाळी मावळतीच्या उजेडात एकेक करून पुढून सरकत गेली. आजोबांनी यादीतून खोडलेले ते स्थळ न उतरता, न धावता असे समोरून निघून गेले. मुलाने त्यांच्याकडे पाहिले. ते पाण्याकडे पाहत होते.

लक्षद्वीपला मोठ्या बोटीसाठी धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि प्रवाशांना जिन्याने लहान बोटीत उतरून बेटावर जावे लागते. तेथे जाण्यासाठी लागणारे परवाने आधीच काढलेले असतात, तो प्रश्न नव्हता. प्रश्न लाटांचा होता. लहान बोट जिन्याशी वर-खाली होत होती आणि उतरणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागत होते. मूल कडेवर घेतलेल्याचे हात मोकळे नसतात. नातीला जॅकेट चढविताच तिने किंचाळून ते काढावयास लावले. गोव्याच्या दिवसानंतर सूनबाईंना जबरदस्तीचा धीर होईना आणि आपण मागे राहतो असे म्हणण्याचेही जिवावर आले, कारण ते निळे पाणी पाहावयाचे म्हणून त्या महिनाभर दिवस मोजत होत्या. हे त्या कोणाजवळ बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही तिघे जा," आजोबा म्हणाले. "हिला मी पाहतो. आजी आहेच."

"बाबा, पण तुमचं बेट राहील."

"यादीत तरी काय लिहिलंय मी? नुसतं बेट. ते इथून दिसतंय."

तिघे गेले. आजोबांनी नातीला डेकवर नेऊन खाली ये-जा करणाऱ्या लहान बोटी मोजावयास लावल्या. तिला दहापर्यंतच आकडे येत होते, म्हणून अकरावी बोट पुन्हा पहिली झाली. आजी शेजारी माळ घेऊन बसल्या.

दुपारी नातू परतला तो केसांतून वाळू गाळीत. पाण्यात उभे राहिले की आपलीच बोटे कशी दिसतात, पायाशी मासे कसे येतात आणि पकडावयास गेले की कसे नाहीसे होतात, काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ कसे दिसले, हे त्याने एका दमात सांगितले. आजोबांनी खुर्ची त्याच्याकडे वळविली.

"असं नाही," ते म्हणाले. "सावकाश सांग. बोटीतून उतरलास तिथपासून."

नातवाने पुन्हा जिन्यापासून सुरुवात केली.